बारा महिने निरंक

माणकेवाडीत गुन्हे होत नाहीत. चुका होतात, गैरसमज होतात, रागाच्या भरात कुणाचा हात उठतो, कुणाची म्हैस भलत्याच दावणीला सापडते. पण गुन्हा म्हणून काही होत नाही. देवणी भागातल्या या दीडशे उंबऱ्यांच्या गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं, त्याला बरीच वर्षं झाली. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे म्हणाले होते, गुन्हेगारीचा प्रश्न पोलिसांच्यानं सुटायचा नाही, तो समाजानंच सोडवला पाहिजे. गावानं ते मनावर घेतलं. तोड अगदी सोपी निघाली. लिहायचं नाही.

लिहायचं काम शरणम्माकडे होतं. ती गावची पोलीस पाटील. आधी सासरा होता. जागा बाईसाठी सुटली तेव्हा गावात दहावी झालेली आणि घरच्यांची ना नसलेली सून ही एकच. लातूरला जाऊन तिनं लेखी परीक्षा दिली, पास झाली, शिक्का मिळाला. दर महिन्याला ठाण्यात एक अहवाल द्यायचा. चोरी, मारामारी, जुगार, महिलांवरील अत्याचार, असे रकाने. प्रत्येकापुढं ती लिहायची, निरंक. हा शब्द सासऱ्यानं शिकवलेला. "शून्य लिहू नको," तो म्हणाला होता, "शून्यामागं कुणी बी आकडा घालतंय. निरंक लिही."

संक्रांत झाली की शरणम्मा ओसरीवर बसायची आणि वर्षाचे बाराही अहवाल एका बैठकीत लिहून काढायची. वर्षाचं तिखट कुटून ठेवावं तसं. खाली महिनाअखेरची तारीख, सही, शिक्का. ही युक्ती तिची नव्हती. ठाण्यातल्या जमादारानंच सांगितलं होतं, "पाटीलबाई, तुमच्या गावात काय घडतंय? कशाला गाडीचे धक्के खाता? एकदाच लिहून ठेवा." गठ्ठा ती हणमंतरावांकडे द्यायची. हणमंतराव तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, आठवड्यातून दोनदा तालुक्याला जाणारे. त्यातला एकेक कागद ते महिन्याच्या महिन्याला ठाण्यात सरकवायचे. दहा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मधे ज्या काही चुका होत, त्या मारुतीच्या देवळात मिटत. ज्याच्याकडून चूक झाली त्याच्या घरच्यांनी बाईची साडीचोळीनं ओटी भरायची, बाईनं चिमूटभर साखर खायची. साखर खाल्ली की मिटलं. त्यानंतर जी तोंड उघडेल, ती तंटेखोर.

गेल्या श्रावणात हणमंतरावांच्या पुतण्यानं, अमरनाथनं, बायकोचा हात मोडला. बायको सृष्टी, मुदखेडची, लग्नाला दीड वर्ष झालेली. त्यानं तिच्या मोबाइलचं लॉक उघडून मागितलं. ती म्हणाली, आईशी बोलते, त्यात काय बघायचंय. त्यानं तिचा हात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर धरला. लाटणं मोडलं म्हणून मग खलबत्त्यातला दस्ता घेतला. सासू साखराबाई तिथंच मेथी निवडत होती. उदगीरला प्लास्टर घालताना सृष्टीला सांगायला लावलं, मोरीत घसरले. गल्लीतही साखराबाईनं तेच सांगितलं, "शेवाळ लई झालंय बाई मोरीत." गल्ली म्हणाली, हाव, यंदा पाऊसच तसा हाय. आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

सृष्टीची आई मुदखेडहून येऊन लेकीच्या सासरी ओसरीवर अडून बसली तेव्हा समितीनं शनिवारी बैठक लावली. पोपटी साडी आणली होती, चांगली जरीच्या काठाची. बायकांनी काठ बोटांनी चाचपून बघितला. सृष्टीचा उजवा हात गळ्यात, त्यामुळं ओटीला पदर डाव्या हातानं धरलेला. नारळ बसला, खण घसरून खाली पडला. कुणीतरी तो उचलून पुन्हा ठेवला. साखराबाईनं वाटीतली साखर चिमटीत घेतली.

"आ कर."

सृष्टीनं तोंड उघडलं नाही.

"दातखिळी बसली काय गं?"

बायका हसल्या. "नवी हाय अजून, लाजून राहिली," एकजण म्हणाली. साखराबाईनं साखर तिच्या मिटल्या ओठांना फासली. हणमंतरावांनी हात जोडले.

"लागली साखर. मिटलं. काय पाटीलबाई?"

शरणम्मा रिवाजाप्रमाणं म्हणाली, "पंचांसमोर मिटलं."

माणसं उठली. सृष्टीनं ओठ प्लास्टरला पुसले आणि शरणम्माजवळ आली.

"मावशी, पोलीस पाटील तुम्हीच ना?"

"हाव."

"मग मी कुणाला सांगू?"

बोलण्यात टोमणा नव्हता. मुदखेडची गाडी कुठं लागते, असं विचारावं तशी ती विचारत होती. शरणम्माच्या पोटात एकाएकी माया दाटून आली, असं काही झालं नाही. दहा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी असा सरळ विचारला नव्हता आणि उत्तर तिला येत होतं, एवढंच. ती हळूच म्हणाली, "बुधवारी प्लास्टर दाखवायला जातो म्हण. साडेसातच्या गाडीला ये."

बुधवारी तिला डोक्यावरून पदर घेऊन निघालेली बघून नवरा रामलिंग म्हणाला, "गावाच्या वाकड्यात जाऊ नको."

"मला गावानं न्हाई, सरकारनं नेमलंय."

"सरकार काय तुझ्या सोयाबीनला मजूर धाडतंय?"

ठाण्यात जमादारानं दोघींना बसवलं, पाणी दिलं, सृष्टीचं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे एक फाइल काढली आणि वरचाच कागद शरणम्मापुढं फिरवला. ऑगस्टचा अहवाल. महिलांवरील अत्याचार, निरंक. खाली तिची सही, तिचा शिक्का. साखर पोरीच्या पोटात गेली नव्हती, म्हणून हणमंतरावांनी आदल्या दिवशीच येऊन तो दिला होता.

"एक तर ही पोरगी खोटं बोलून राहिली," जमादार म्हणाला, "न्हाई तर तुम्ही. काय ते ठरवा. मग लिहू."

सृष्टी शरणम्माकडं बघत राहिली. तिच्या लेखी आता सगळं त्या एका उत्तरावर आलं होतं. पोरगी खोटी म्हटलं, तर संध्याकाळच्या गाडीनं तिला त्याच ओट्यापाशी परत जायचं होतं.

"मी खोटी," शरणम्मा म्हणाली.

"इचार करून बोला. जागा जाईल तुमची."

"जाऊ द्या. मी खोटी असं लिहा, अन् पोरीचं लिहून घ्या."

जमादार हसला. "अहो बाई, पोलीस पाटलाचा अहवाल म्हणजे काय चहाची चिठ्ठी हाय? असा कसा खोटा करता येतो?"

शरणम्मानं कागद जवळ ओढला. इतक्या वर्षांत तिनं स्वतःचा अहवाल पहिल्यांदा वाचला. "साहेब, आज एकवीस तारीख. ह्याच्यावर मी एकतीस घातलीय. तुमचा आवक शिक्का वीस तारखेचा. अकरा दिवसांनंतरचा महिना तुम्ही काल कसा घेतला?"

जमादारानं कागद उचलला. खाली-वर बघितला. त्याचं हसू गेलं आणि तोंडातून एक अर्धी शिवी निघाली, ती नेमकी कुणाला ते कळलं नाही. थोड्या वेळानं त्यानं आतून कोरे कागद आणले. "सांग गं, नाव सांग पूर्ण. नवऱ्याचं बी."

जमादाराला न्यायाची चाड वगैरे काही नव्हती. स्वतःची कातडी वाचवायची होती. पण गुन्हा नोंदला गेला, तो तिथंच.

अमरनाथला नेलं आणि जामिनावर परत सोडलं. सृष्टीनं आईला ठाण्यातच बोलावून घेतलं आणि तिथूनच तिच्याबरोबर मुदखेडला गेली; तिचा खटला उभा राहील, तिला तारखांना यावं लागेल. गाव मात्र मोडलेला हात विसरून गेलं. गावाला आठवत होतं ते आपलं कापलं गेलेलं नाक. हणमंतराव दारात येऊन उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"पाटीलबाई, बक्षीस मिळालेलं गाव हे. तुम्ही डाग लावला."

"मामा, हात मी मोडला न्हाई."

"हात जुळतो. गावाचं नाव जुळत न्हाई. तुम्हाला सवाल विचारतो, पोलिसानं आजवर कोणता प्रश्न सोडवला? लातूरला बघा, नांदेडला बघा, रोज खून पडायलेत. अन् इथं? आपण सोडवलं होतं की न्हाई?"

"लपवलं होतं."

"एकच की ते," हणमंतराव म्हणाले, आणि त्यांना तसं मनापासून वाटत होतं.

पिठाच्या गिरणीचा पट्टा फक्त शरणम्माच्या डब्यापुरता तुटू लागला. गौरींचं हळदीकुंकू अख्ख्या गल्लीत झालं, तिच्या दारावरून बायका हसत गेल्या. साखराबाई मोठ्यानं म्हणाली, "घरं मोडायचा बी पगार मिळतो म्हणं सरकारातून." त्यातल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी देवळात साखर खाल्लेली होती.

मग प्रांतांची नोटीस आली. अहवाल आगाऊ आणि खोटे दिल्याबद्दल आपणास पदावरून का काढू नये, पंधरा दिवसांत खुलासा करावा. रामलिंगच्या मते त्यात एवढंच लिहायचं, की एकच अहवाल चुकला, माफी असावी. जागा वाचली असती. शरणम्मानं ठरवलं, खुलासा करायचा तर पुरा करायचा. वही घेऊन ती आठवायला बसली. पहिलं नाव आठवलं ते मागच्या आळीतल्या दानम्माचं. सहा वर्षांपूर्वी दिरानं पाण्याच्या पाळीवरून तिच्या कानशिलात मारली होती, कानातून रक्त आलं होतं. त्या कानानं तिला अजून ऐकू येत नाही. त्या वेळी साखरेची वाटी शरणम्माच्याच हातात होती.

दानम्मा अंगणात सुपात तूर पाखडत होती. शरणम्मा पायरीवर बसली.

"अक्का, तुझं लिहावं म्हणते. सरकारात द्यायचंय."

"काय लिहितीस?"

"कानाचं."

दानम्माचं सूप थांबलं नाही. "सहा वर्सं झाली."

"तवा लिहायला पायजे होतं."

"तवा मी तुझ्याच दारात आल्ते. तू म्हणालीस, अक्का, नांदायचंय ना, मिटव." तिनं फोलपटं फुंकली. "मी मिटवलं. त्या दिराच्या लेकराला हगवण लागली तवा रात्रभर मी बसले उशाशी. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं केली. आता माझं नाव घालून तू कुणाला मोकळी करायलीस, मला का तुला?"

"मला न्हाई. जागा जाणारच हाय माझी."

"मग जाऊ दे की. माझं कामून ओढतीस त्यात?"

 शरणम्माच्या मांडीवर वही उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं. ती म्हणाली, "अक्का, चूक झाली माझी," आणि म्हणता म्हणता अडखळली, कारण या गावात तो शब्द ज्यानं मारलं त्याच्यासाठी वापरतात. ती पुन्हा म्हणाली, "गुन्हा झाला माझ्याकडनं."

दानम्मानं सूप उचललं, बसायचा पाट फिरवून घेतला आणि बहिरा कान तिच्याकडं करून बसली. तूर पाखडायचा आवाज पुन्हा सुरू झाला. शरणम्मा उठली नाही. तारीख, वार, कोण कोण हजर होतं, कुणी काय म्हणालं, सगळं ती त्या कानाला सांगत राहिली.