बंद खिडकीतली वाटी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण मास्तरकी शिकवली ती पेठजवळच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. पोरांना वाढण्याआधी त्या एक वाटी बोटांनी अगदी मऊ कालवायच्या आणि शाळेमागच्या बंद खोपटाच्या खिडकीत धरायच्या. एकदा मी मागोमाग गेलो. अंधारातून एक वाकडा, बारीक हात आला.

“कोण आहे आत?” मी दचकून विचारलं.

“पोरगी हाय, गुरुजी. चालता येत नाय, चावता येत नाय. तुमच्या पटावर नाय, म्हून तुमाला दिसत नाय.”

त्याच दिवशी मी तिचं नाव पटावर घेतलं.

बदलीनंतर नव्या गावातून मावशींना पत्र पाठवलं: “इथं सगळे म्हणाले, असं पोर आमच्या गावात नाही. मी मऊ खिचडीची वाटी घेऊन बंद घरांच्या खिडक्यांशी थांबत गेलो. तिसऱ्या खिडकीतून हात आला.”