खांद्यावरचे बूट

लेकीनं पहिल्या पगारातनं बूट आणले. सणसवाडीच्या कंपनीत आठ-आठ तास उभं राहून तिचे घोटे सुजायचे. जुन्या काळी बास्केटबॉल खेळणारे घालायचे तसले, घोट्याच्याही वर येणारे, पांढरे-लाल. "आता परत फॅशन आलीय, आई." मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "पोरीच्या जातीला शोभतात व्हय ही खोकी?" ती अंघोळीला गेल्यावर मात्र गुपचूप एका पायात घालून बघितला. आई गं, काय मऊ! घोटा कुणी मायेनं हातात धरल्यासारखा.

सुट्टीला ती इनामगावला आली. घोड नदीच्या काठाला आमचा ऊस हाय. मी गवत कापायला निघाले तशी तीही निघाली, तेच बूट घालून. उसाला आदल्या दिवशीच पाणी दिलेलं, बांधावर सगळा चिखल. माझा जीव वरखाली व्हायला लागला.

"काढ ते. नव्याकोऱ्या बुटांचं वाटोळं करशील."

"आई, बूट घालायलाच असतात ना?"

मी ऐकते कसली! तिथंच बसवून नाड्या सोडायला लावल्या. माझ्या चपला तिला दिल्या, मी अनवाणी. नाड्यांची गाठ मारून बूट खांद्यावर टाकले.

दहा पावलं गेली असेल. पाचटातनं कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला आन् पोर किंचाळली. घोणस. उजव्या घोट्यावर दोन थेंब रक्त.

शेजारच्या चाचांनी मोटारसायकल काढली. पोर मधी, मी मागनं तिला आवळून धरलेलं. शिरूरला पोचेस्तोवर पाय पोटरीपर्यंत सुजला. दवाखान्यात नर्सनं काचेच्या नळीत तिचं रक्त घेऊन टेबलावर ठेवलं. "वीस मिनिटं हात लावू नका. गोठलं तर बरं, नाही तर विष रक्तात भिनलंय." मी नळीकडं बघत उभी. देवा, गोठू दे रे. वीस मिनिटांनी नर्सनं नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

सलाईनमधनं विषावरचं औषध सुरू झालं. डॉक्टरांनी विचारलं, "पायात काय होतं?"

"चपला."

"शेतात बूट घालत जा. घोटा झाकणारे."

बूट अजून माझ्या खांद्यावरच लोंबत होते. डॉक्टरांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत झाली न्हाई.

संध्याकाळी परत रक्त घेतलं, ते गोठलं. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. तेवढ्यात दौंडच्या बाजाराला गेलेले तिचे वडील धापा टाकत आले. त्यांनी खाटेखालच्या चिखलाच्या चपला बघितल्या, बूट बघितले आन् पोरीवर कडाडले, "हे असताना चपला कशाला घातल्या? अक्कल हाय का न्हाई?"

पोरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. म्हणाली, "गरम व्हत व्हतं आप्पा. मीच काढले."

ते तिला बोलत राहिले. ती सुजलेला पाय घेऊन मुकाट ऐकत राहिली. आन् मी, एरवी तोंडानं गावाला पुरून उरणारी बाई, तिच्या उशाशी बसून गप्प राहिले.

त्यांना खरं अजून सांगितलेलं न्हाई.