पहिल्या ठोक्याचा मान

पाऊस गेला की आमच्याकडे अंगणाचे दिवस येत. चार महिने पागोळ्या झेलून जमीन हिरवी, निसरडी झालेली असे. आधी खुरप्याने शेवाळ खरवडायचे, मग लव्हाळा खणायचा. लव्हाळ्याची नुसती पात उपटून काही होत नाही. खालची गाठ राहिली तर पात पुन्हा वर येते. मग नवी माती पसरून पाणी शिंपायचे आणि मातीत ओल आहे तोवर लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून जमीन पाटासारखी करायची. वरून शेणाचे सारवण. हे सगळे आश्विनातल्या ओलीतच जमते. एकदा ऊन चढले की माती तडकते. तडकलेल्या अंगणात भात झोडले की दाणे भेगांत जातात आणि मुंग्यांची दिवाळी होते.

आमचे अंगण दरवर्षी तडकत असे. कारण ओलीच्या दिवसांत आम्ही खोताच्या अंगणात असू.

चौलच्या पलीकडचे आमचे गाव सगळे खोताचे. भातशेती त्याची, आम्ही कुळे. दर आश्विनात घरोघरची सगळी माणसे त्याचे अंगण करायला जात. मजुरी नाही. संध्याकाळी गुळाचा खडा हातावर पडे, तोही लांबून. त्यातला पहिला ठोका आमच्या घराचा. त्याला खोत ‘मान’ म्हणे, आणि माझी आईही म्हणे. वडील गेल्यावर तर ती तो मान जपून वापरायच्या लुगड्यासारखा जपायची.

मी मुंबईहून बोटीने येणारी पत्रके वाचून वाढलो. कोणी फेकलेली, कोणी सुपारी बांधून आणलेली. त्यांत ह्या मानाला दुसरा शब्द होता. तो मी आईला मोठ्याने वाचून दाखवला : वेठ.

“कागदाला काय ठावं हाय?” ती म्हणाली. “गावात येवढी घरं, पन पैला ठोका आपला.”

त्याच साली आमच्या अंगणात भात झोडून झाल्यावर ती उन्हात बसून हिराच्या काडीने भेगांतले दाणे काढत होती. एकेक दाणा. काडी मोडली की दुसरी घेई. मी पाहत उभा राहिलो. खोताकडून ह्या दाण्यांचा सूड घ्यायचा, हे मी तिथेच ठरवले.

वर्षभर माझे डोके तेच काम करत होते. लव्हाळ्याच्या गाठी त्याच्या नव्या मातीत मिसळाव्यात असेही मनात आले. पण तो लव्हाळा खणायला पुन्हा आमच्याच बाया जाणार! शिवाय चोरून उगवलेला सूड मला नको होता. मला तो गावादेखत हवा होता.

दसऱ्याच्या आधी गाव देवळात जमे आणि अंगणाला कधी यायचे ते खोत तिथे सांगे. त्या दिवशी मी हातात नारळ घेऊन पुढे गेलो. घरात सोललेला नव्हता, म्हणून असोलाच नेला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

“हे काय रे?” खोत म्हणाला.

“आवतान हाय. तुमच्या आंगनाचा पैला मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात साचलाय. येका घरानं किती खावा? औंदा आमच्या आंगनाचा पैला ठोका तुमचा. उद्याच या. ओल चांगली हाय.”



“मी चोपणं धरू? तुझ्या अंगणात?”

“काम करू नका. निस्ता मान घ्या.”

मागून एक म्हातारी बोलली, “या वो खोत, गुलाचा खडा मी देतंय!” आणि हशा फुटला.

खोताचे कान लाल झाले. त्याने नारळ हाताने ढकलला. तो माझ्या छातीवर आदळला. “कसला मान? ढोरमेहनत आहे ती. तुम्ही करायची.”

बस. मला एवढेच हवे होते. मी आईकडे पाहिले. तिचा चेहरा असा झाला होता की मला हसता आले नाही. इतकी वर्षे जपलेला मान म्हणजे ढोरमेहनत, हे तिने त्याच्याच तोंडून ऐकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ठोक्यांनी मला जाग आली. आई आमच्याच अंगणात होती. “हान,” मला चोपणे देत ती म्हणाली, “हळू नको हानू.” मी हाणले.

काही घरे खोताकडे गेली, बरीच गेली नाहीत. त्याचे अर्धे अंगण तडकले. मी मुद्दाम जाऊन भेगेत पायाचा अंगठा घालून पाहिला. त्याने आमच्याकडचा पाणथळीचा तुकडा काढून घेतला. तेही मी विसरलेलो नाही.

आणि तो नारळ? आईने तो न्हाणीच्या पाण्यावर ठेवला. कोंब आला. पुढच्या आश्विनात अंगणाच्या कडेला खड्डा खणून, तळाला मीठ, राख आणि कोलंबीची साले घालून आम्ही तो लावला. कुळाच्या घराभोवतीच्या माडांचे अर्धे नारळ खोताचे, असा रिवाज. रोप कमरेएवढे झाले तेव्हा त्याचा गडी चुन्याचे मडके घेऊन खोताच्या हिश्श्याची खूण करायला आला.

आई आडवी उभी राहिली.

“ह्याला न्हाय. ह्यो नारल तुज्या धन्यानं गावादेखत माघारी ढकललाय. जा, इचार त्याला, आता पायजे का.”

गडी तसाच परत फिरला. चुन्याचे दोन थेंब तेवढे अंगणात पडले होते. आईने शेणाचा हात फिरवून ते लगेच पुसून टाकले.