ऑपरेशन दहा, पंखा बंद

आमच्या घरात गुपित ठेवण्याची कला एकाच माणसाला साधली होती, ते म्हणजे बाबा. रांझीजवळच्या लष्करी सामानाच्या सरकारी फॅक्टरीत, ड्रॉइंग ऑफिसमध्ये, त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून अख्खी नोकरी काढली. सकाळी भोंगा व्हायच्या आत सायकल बाहेर, संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत. आज काय केलं असं आईने विचारलं तर म्हणायचे, काम. कसलं काम? फॅक्टरीचं. एवढ्यावर विषय संपायचा. आत काढलेल्या ड्रॉइंगचा कपटासुद्धा गेटबाहेर आणायची परवानगी नव्हती, आणि बाबांनी तो नियम जिभेलाही लावून घेतला होता. सहावीत मला ‘मेरे पिताजी’ असा निबंध आला. मी लिहिलं, मेरे पिताजी फैक्ट्री जाते हैं, शाम को वापस आते हैं. पुढचं वाक्य काही सुचेना. दहापैकी दोन मार्क मिळाले, तेही बहुधा अक्षराचे.

ज्या वर्षी सगळ्या शाळा बंद पडल्या आणि मास्तरणी घरात बसल्या, त्या वर्षी या निबंधाची मला पुन्हा आठवण झाली. मी कांचघरकडच्या एका खाजगी हिंदी शाळेत आठवी-नववीला गणित शिकवत होते. नोकरी दर वर्षी नव्या करारावर. त्या शुक्रवारी आमच्या प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला. कॉम्प्युटरची स्क्रीन रेकॉर्ड करून एक धडा तयार करायचा, सोमवारी दुपारी बारापर्यंत पाठवायचा. जे पाठवणार नाहीत त्यांच्या कराराचं पुढे बघू, असं त्या म्हणाल्या. मॅडमचं ‘पुढे बघू’ म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मला ती नोकरी हवी होती. पगार तर हवाच होता, पण खरं सांगायचं तर फळ्यासमोर उभी असते तेवढा वेळ मी बरी माणूस असते. बाकी वेळी माझ्या नाकावर राग असतो, हे माझा नवरा इटारसीहून फोनवरही ओळखतो. रेल्वेतली त्याची ड्युटी तेव्हा तिकडेच होती, आणि मी बाबांकडे राहत होते. मी मॅडमना म्हटलं, जी मॅडम, हो जाएगा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की स्क्रीन रेकॉर्ड करणं म्हणजे नेमकं काय, हेच मला माहीत नाही.

सोबतच्या एका शिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, अगदी सोपं आहे, कॉम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्यांसाठी ही सोय आधीच करून ठेवलेली असते. खिडकीचं चित्र असलेलं बटण, त्याच्या शेजारचं एक आणि इंग्रजी आर, तिन्ही एकदम दाबायची, की रेकॉर्डिंग सुरू. तीच तिन्ही पुन्हा दाबली की बंद. ज्याला येतं त्याला जगातली प्रत्येक गोष्ट सोपी असते.

शनिवारी सकाळी पुढच्या खोलीत लॅपटॉप मांडला. बाबा तिथेच वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी काय करणार ते सांगताच त्यांनी पेपरची घडी घातली.

"रेकॉर्ड करून राहिली? कोणाला विचारून?"

शाळेनेच सांगितलंय म्हटलं. तरी त्यांनी खुर्ची उचलून माझ्या पाठीमागे दाराजवळ नेली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाठ फिरवली, कारण त्यावर दूधवाल्याच्या खुणा होत्या, आणि टेबलावरची विजेच्या बिलाची पावती पालथी घातली. मी समजावलं की यात फक्त स्क्रीनच दिसते, घर दिसत नाही, तुम्ही दिसत नाही. बाबा अच्छा म्हणाले आणि पावतीवर डबा ठेवला. पुढे माझं रेकॉर्डिंग सुरू असेपर्यंत ते खोकलेसुद्धा नाहीत. असा आज्ञाधारक श्रोता मला वर्गात कधी मिळाला नाही.

चौकोनाची रचना हा धडा होता. चाळीस मिनिटं मी जीव तोडून शिकवलं. मग लावून पाहिलं, तर भुजा निघतायत, कोन होतायत, आणि आवाजाच्या नावाने शून्य. माइकच्या चित्रावर एक तिरपी रेघ होती, म्हणजे माइक बंद, ती मला दिसलीच नव्हती. ती रेघ घालवली आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला आवाज आला, पण माझ्याआधी पंख्याचा आला, मधे कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या, आणि चित्र पहिल्या चौकोनावर जे थिजलं ते हललंच नाही. त्या शिक्षिकेने सांगायचं राहून गेलं होतं की ही सोय एका वेळी एकाच खिडकीवर नजर ठेवते, आणि मी पाच आकृत्या पाच खिडक्यांत उघडून बसले होते. आवाज समांतरभुज चौकोनाचा आणि चित्र चौरसाचं, असा तो धडा झाला.

तिसऱ्यांदा पंखा बंद केला, कुकर उतरवला, सगळ्या आकृत्या एकाच खिडकीत आणल्या. घामाने निथळत चाळीस मिनिटं पुन्हा तेच. झाल्यावर विजयाने बाबांना म्हटलं, आता तुम्हीच बघा. त्यांनी चष्मा लावला आणि लॅपटॉपसमोर बसले. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज खणखणीत म्हणत होता, बच्चों, अब यह वाली भुजा देखिए.

"कोणती?" बाबांनी विचारलं.

ही वाली, मी म्हटलं, आणि पेन्सिलीचं टोक स्क्रीनवर टेकवलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पूर्ण धडाभर मी हेच केलं होतं. अकरा वर्षांची फळ्याची सवय. पेन्सिल काचेवर टेकवून टेकवून ‘यह’ आणि ‘वह’ दाखवलं होतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये ना माझा हात होता ना पेन्सिल. मुलांना नुसता चौकोन दिसणार होता आणि एक बाई ‘ही बघा, ही बघा’ म्हणताना ऐकू येणार होती.

माझा तोल गेला. लॅपटॉप आपटून बंद केला आणि म्हटलं की नको मला ही नोकरी, पापड लाटीन. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने रडले असं मी तेव्हा म्हटलं असतं, पण भीतीही होती. सोमवारनंतर मी कोण, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. बाबांनी समजूत घातली नाही. ती त्यांची रीत नव्हती. थोड्या वेळाने आत येऊन त्यांनी एवढंच विचारलं की ती तीन बटणं नेमकी कोणती, आणि मोठा कोरा कागद घरात आहे का.

दुपारभर ते जेवणाच्या टेबलावर वाकून बसले होते. ट्रंकेतून त्यांच्या आयटीआयच्या दिवसांतले गुण्ये आणि स्टीलची पट्टी निघाली. मधूनमधून येऊन लॅपटॉपवर पट्टी लावायचे, काहीतरी मापायचे आणि परत जायचे. मी रुसलेली होते, त्यामुळे विचारलं नाही.

रविवारी सकाळी चहाबरोबर कागद माझ्यासमोर आला.

आधी मला हसूच आलं. वर डाव्या बाजूला माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड काढला होता, प्रत्येक बटण वेगळं, आणि आपली तीन बटणं बारीक तिरप्या रेघांनी भरलेली. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत बाण काढून लिहिलं होतं, १९ मिमी. माइकचं चित्र दोनदा होतं, एक रेघेसह, एक रेघेशिवाय, खाली ‘नापास’ आणि ‘पास’. उजवीकडे पायऱ्यांचा तक्ता होता, फॅक्टरीच्या भाषेत एकेक पायरी म्हणजे एकेक ऑपरेशन. ऑपरेशन १०, पंखा बंद. ऑपरेशन २०, कुकर उतरवणे. ३०, एक सोडून बाकी खिडक्या बंद. ४०, माइक तपासणे. ५०, फक्त दहा सेकंद रेकॉर्ड करून थांबणे. ६०, ते लावून पाहणे व ऐकणे, नापास असल्यास ४० वर परत. ७०, पूर्ण धडा. आणि ७० च्या पुढे ठळक अक्षरांत, डावा हात मांडीवर, पेन्सिल दुसऱ्या खोलीत, दाखवणे ते माउसच्या बाणाने, आणि प्रत्येक भुजेचं नाव घेऊन.

हसू कुठे विरलं ते मला कळलं नाही. रेघ केसासारखी बारीक आणि कुठेही न थरथरलेली. अक्षरं एका उंचीची, जणू ओळीत उभी केलेली. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं, आणि बाबांनी काढलेलं ड्रॉइंग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. हा माणूस रोज सायकलवरून जाऊन हे करत होता, आणि आम्ही समजत होतो की फॅक्टरीत जातो.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी विचारलं की आकडे दहा-दहाने काहून, एक दोन तीन लिहिता आले असते.

"काही न काही विसरते माणूस," बाबा म्हणाले. "मग ते मधे घालायले जागा पाहिजे न."

जागा लागलीच. मी पंखा बंद केला, कुकर उतरवला आणि दहा सेकंद रेकॉर्ड करत होते, तेवढ्यात फाटकावर भाजीवाला ओरडला. बाबांनी शांतपणे पेन्सिल घेतली आणि तक्त्याच्या सगळ्यात वर लिहिलं, ऑपरेशन ५, फाटकावर माणूस. तो माणूस ते स्वतःच होते. खुर्ची घेऊन फाटकाशी जाऊन बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून थोपवू लागले.

दहा सेकंदांचा तुकडा दुसऱ्या खेपेला पास झाला. नवीन काम काढलं की पहिला नग तपासल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा त्यांच्याकडचा नियम होता, हे त्यांनी नंतर सांगितलं. चाळीस मिनिटं फुकट घालवण्यापेक्षा दहा सेकंद फुकट घालवावेत, इतकी साधी गोष्ट. काखेत कळसा आणि मी गावभर फोन फिरवत होते. मग डावा हात मांडीवर ठेवून, भुजा कख, भुजा खग अशी नावं घेत मी धडा शिकवला. एकदाच जीभ अडखळली, ती तशीच राहू दिली.

सोमवारी अकराच्या आत धडा गेला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या की आलेल्या धड्यांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट ऐकू येणारा आणि दिसणारा हा एकच आहे, कोणाकडून शिकलात? मी कागदाचं सांगितलं. त्यांनी त्याचा फोटो मागितला. मी पाठवला, त्यांनी तो शाळेच्या ग्रुपवर टाकला, आणि करार नवा होईल हे जाताजाता सांगून टाकलं. मी उड्या मारत बाबांकडे गेले. नोकरी राहिली म्हटल्यावर ते हसले. कागद सगळ्या मास्तरांकडे गेला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"गेटच्या बाहेर गेलं?"

मी हो म्हटलं. कोणतं गेट, हे मला विचारवलं नाही. मग त्यांनी कागद परत मागितला. खाली उजव्या कोपऱ्यात दोन रकाने आखलेले होते, तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ‘काढणार’ आणि ‘तपासणार’. पहिल्यात दोनच अक्षरं होती, नावाचं आणि आडनावाचं एकेक. त्यांनी ती खोडरबराने हळूच पुसली, पट्टी लावली आणि त्या सरळ, एका उंचीच्या अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

"आता फोटो काढ," ते म्हणाले, "हा पाठव."

मी फोन उचलला तर त्यांनी थांबवलं आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली. दुसरा रकाना रिकामा होता. मी लगेच सही करायला गेले, तर म्हणाले, अशी नको करू, आधी तपास. मी ऑपरेशन पाचपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. बाबा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसे. चूक एकही नव्हती. मी त्यांच्या नावाशेजारी सही केली.