देवापुढच्या वाटीतल्या कॅप्सूल

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच कबूल करतो, कारण हा अनुभवही रागातूनच आला. बिडीने छाती खाल्ली तेव्हापासून मला तोंडाने ओढायचं औषध लागतं. इतकी वर्षं फवारा वापरत होतो. खिशात मावतो, दाबला की झालं, बसमध्ये कुणाला कळतही नाही. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी तो बंद केला आणि कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र हातात ठेवलं. मला फवाराच बरा वाटतो, असं मी दोनदा सांगितलं. ते लिहीतच राहिले. छाती माझी, श्वास माझा, आणि मला साधं विचारायचंही नाही! खमरियाला घरी पोचेपर्यंत मी चरफडत होतो.

आमच्याकडे कोणतीही नवी वस्तू आधी देवापुढे जाते. मी सगळ्या कॅप्सूल पट्टीतून सोलून पितळी वाटीत काढल्या आणि नर्मदेच्या पाण्याच्या गडव्याशेजारी ठेवल्या. रोज पूजा झाली की एक उचलायची आणि ओढायची. पंधरा दिवसांत न्हाणीपर्यंत जातानाही धाप लागायला लागली. डॉक्टरांचा राग आला, यंत्राचा आला, आणि सगळ्यात जास्त आला नर्मदामैयाचा. तिच्या काठावर जन्म काढला आणि तिला माझी दया येऊ नये? बायको म्हणाली, "काहून देवघरात ओरडून राहिले? दवाखान्यात जा ना पुन्हा." मी हट्टाने गेलो नाही.

एका सकाळी ते यंत्र नदीतच भिरकावायचं ठरवून ग्वारीघाटाला गेलो. पायऱ्या उतरताना छाती बंद झाली आणि फुलं-दिवे विकणाऱ्या एका म्हातारीच्या टोपलीशेजारी मी बसकण मारली. आता संपलं असं वाटलं, आणि तरी मी मैयाला शिव्याच पुटपुटत होतो.

म्हातारीने माझ्या मुठीतलं यंत्र ओढून घेतलं. "बाबूजी, ये तो मेरे पास भी है." आतली कॅप्सूल तिने बोटांनी चोळून पाहिली. "दवा तो जम गई है. खुली रखते हो? पानी के पास?" मी होकाराची मान डोलावली. तिने कनवटीची पट्टी काढली. मी नाव वाचलं, तेच औषध होतं. तिने त्यातली कॅप्सूल सोलून माझ्या यंत्रात घातली. "पहले पूरी साँस छोड़ो. अब ज़ोर से खींचो." यंत्र घर्र करून वाजलं आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा जिभेवर गोडसर भुकटी लागली. हळूहळू छाती सैल झाली.

"तुमको ये अच्छी लगती है कि फुहारे वाली?" तिने विचारलं. हे मला विचारणारी ती पहिलीच. फवारा, मी म्हणालो.

"तो डॉक्टर से लड़ो. मैया से काहे लड़ रहे हो?"

त्याच दिवशी जाऊन लढलो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला फवारा दाबायला लावला. बोट आधी दाबायचं, श्वास मागून यायचा, औषध घशातच राहायचं. मग यंत्र ओढायला लावलं, तेव्हा औषध थेट छातीत उतरलं. हे तेव्हाच का नाही पाहिलं, म्हणून मी आवाज चढवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "आता तुम्हीच सांगा, कोणतं हवं?" मी यंत्र मागितलं.

दुसऱ्या दिवशी नवी पट्टी घेऊन घाटावर गेलो. म्हातारी टोपलीवर ओणवी होऊन धापा टाकत होती. शेजारी तिची पट्टी रिकामी पडली होती; काल त्यात शेवटची एकच उरली होती, आणि ती तिने मला दिली होती. मला स्वतःचीच चीड आली. कॅप्सूल सोलून तिच्या हातावर ठेवली. तिने ती आपल्या यंत्रात घालून ओढली, डोळे मिटले, बऱ्याच वेळाने नदीकडे पाहून हात जोडले. मला तिने ओळखलंच नव्हतं.

"कल से मना रही थी मैया को. देखो, भेज दिया किसी को."

औषध वाटीत घालून देवापुढे ठेवलं की आपण शरण गेलो, असं मी समजत होतो. मैयाने मात्र शिव्या देणाऱ्या माणसालाच म्हातारीच्या कामाला लावलं होतं. राग अजून येतो, पण आता जिथे बोलायला हवं तिथे बोलून मोकळा होतो.

त्या सकाळी मी पायरीवर बसलो आणि म्हातारीचा श्वास जुळेपर्यंत तिचे दिवे विकले.