चालणं कमी केलं तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं. गुडघे आणि साखर, दोन्ही हाताबाहेर गेली होती. टाके घालून पोटाची एवढीशी पिशवी ठेवली आणि मी लखनौला परत आले, आमच्या रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. हे रेल्वेत इंजिनिअर. आम्हाला मूलबाळ नव्हतं. असं ऑपरेशन झालेलं दुसरं माणूस मला त्या शहरात कधी भेटलं नाही. वजन उतरायला लागलं तशी शेजारीण विचारायची, "भाभीजी, शुगर हो गई क्या?" मी "हाँ" म्हणून मोकळी व्हायचे.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. मी संध्याकाळी निघायचे ते मुख्यतः जेवणाची वेळ टाळायला. आमचं बोलणं व्हायचं ते ताटावरच. ह्यांच्या साहेबांची कटकट, माहेरच्या सांगलीच्या गोष्टी, सगळं पोळी मोडता मोडता. आता चार चमच्यांत माझं पोट भरायचं आणि पुढे मी नुसती बसून राहायचे. मी बघतेय म्हटल्यावर ह्यांचा हात ताटात अडखळायचा. त्यापेक्षा स्वयंपाक झाकून ठेवावा आणि चालायला जावं. वजन भराभर उतरत होतं, त्यामुळे मला वाटायचं, आपलं बरोबर चाललंय. मी आणखी लांब जायला लागले.

एकदा अशीच पार चारबागपर्यंत गेले. स्टेशनसमोरच्या गर्दीत एका ठेल्यापाशी हे उभे दिसले. काखेत ऑफिसची बॅग, हातात पानांचा द्रोण. पूरी-सब्जी खात होते, मान खाली घालून, घाईघाईनं. मी हाक मारली नाही. वळले आणि घरी आले. थोड्या वेळानं हे आले. मी पान वाढायला घेतलं तर म्हणाले, "नको, भूक नाही. ऑफिसात कुणाची तरी पार्टी होती."

मी स्वयंपाक परत झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आणखी जास्त चालले.

त्यानंतर एका रविवारी मी खालच्या फळीवरचा डाळीचा डबा काढायला स्वयंपाकघरात उकिडवी बसले आणि उठताच येईना. मांड्यांत जीवच नव्हता. ओट्याला धरलं तर हातही थरथरले. ह्यांना हाक मारली. त्यांनी काखेत हात घालून मला उचललं आणि सहज उभं केलं. ऑपरेशनच्या आधी, झाशीला बदलीवर असताना मी न्हाणीत घसरले होते, तेव्हा मला उचलायला दोन शेजारी बोलवावे लागले होते. मला वाटलं, हे हसतील. पण ते हात तसेच ठेवून म्हणाले, "अगं, काही लागतच नाही हाताला," आणि त्यांचे डोळे भरले.

मग एसटीडी बूथवरून मुंबईला डॉक्टरांना फोन केला. ते रागावले. "चरबीबरोबर स्नायूही चाललेत तुमचे. रोज चाला, पण निम्मं. एक दिवसाआड वजनाचे व्यायाम करा. आणि आधी पनीर, डाळ, अंडं खा, मग बाकीचं."

बाजारात एक जिम होती. दुपारी लेडीज टाइमिंग. तिथल्या बाईंनी मला कमरेला पट्टा लावून थरथरवणाऱ्या मशीनवर उभं केलं. डंबेल मागितले तर म्हणाल्या, "वेट करोगी तो मर्दों जैसी बॉडी बन जाएगी, भाभीजी." मी परत गेले नाही. घरीच दोन बाटल्यांत वाळू भरली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, भिंतीला हात लावून ढकलायचं, बाटल्या वर-खाली करायच्या. सुरुवातीला फार रडू यायचं.

चालणं निम्मं झालं, त्यामुळे जेवणाच्या वेळी मी घरात असायला लागले. एकदा हे आल्या आल्या मी विचारलं, "चारबागला खाऊन आलात ना?"

ते बूट काढता काढता थांबले. "तुझ्यासमोर पोटभर जेवायची लाज वाटते गं."

"आणि मला नुसतं बघत बसायचं कसंतरी होतं, म्हणून मी चालत सुटते."

त्या दिवसापासून ते घरी जेवायला लागले. मी समोर बसायचे. पण बोलणं पहिल्यासारखं झालं नाही. ते जेवण उरकायचे आणि बातम्या लावायचे.

अंगात ताकद मात्र हळूहळू येत गेली. हिवाळा संपता संपता भरलेला गॅस सिलिंडर मी दारापासून ओट्याखाली एकटीनं नेला. धापही फारशी लागली नाही. हे लाइनवर, रुळांच्या तपासणीला गेले होते. कुणाला तरी सांगायची इतकी घाई झाली की बूथवर जाऊन सांगलीला बहिणीला फोन लावला.

"अगं, मी सिलिंडर उचलला!"

"अगंबाई, तू कशाला उचलतेस असलं काही?" ती म्हणाली. "ते जाऊ दे, आता साडी कशी दिसते तुला?"

"छान दिसते," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.