नावेतलं डोहाळजेवण

डोहाळजेवण नावेत करतात ते पुठ्ठ्याच्या. आमच्या गल्लीत अशा दोन नावा माळ्यावर पडून आहेत. सोनेरी कागद लावायचा, लेकीला आत बसवायचं, फोटो काढायचे. मी म्हटलं, नांदेडात राहून पुठ्ठ्याची नाव कशाला? खरी नाव ठरवू, घाटावरून निघू, गाव दाखवत हिंडू आणि नावेतच जेवू.

यात माझा स्वार्थ होता, तो आधीच सांगते. लेक लातूरला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं माझं म्हणणं होतं. माझंच कशाला, जगाचंच ते म्हणणं आहे. विहीणबाईंचं मात्र वेगळं. डॉक्टर तिथली, नवरा तिथं, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. मग पोरीला इतक्या लांब कशाला हलवायचं? बरेच दिवस आम्ही दोघी फोनवर गोड बोलून भांडत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "जेवणाला येते, मंग तिथंच सांगते." म्हणजे निकाल राखून ठेवला. मीही मनाशी ठरवलं, बाईला नांदेड असं दाखवायचं की पोरीला इथं ठेवून जाताना त्यांनाच बरं वाटलं पाहिजे.

विहीणबाई मूळच्या अहमदपूरच्या. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि नवरा गेल्यापासून त्याच ते चालवतात. कपाळाला भस्माचे पट्टे, पदर कमरेला खोचलेला, आणि गिऱ्हाइकाला न दुखवता 'न्हाई' म्हणायची हातोटी. नगीनाघाटाच्या पायऱ्या उतरतानाच त्यांनी अट घातली.

"नावंत बसू. पण पल्याड न्यायची न्हाई. पोटुशीनं गंगा ओलांडू न्हाई."

गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. मी म्हटलं, "हाव, ओलांडायची कशाला? काठाकाठानं जाऊ." जावई आणि आमचे हे घाटावरच चहाला थांबले. बायकांच्या कार्यक्रमात त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं.

थंडीचे दिवस, ऊन कोवळं आणि नदी काठोकाठ भरलेली. हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून लेक मधल्या फळीवर बसली, आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. नावाड्यानं वल्हं मारलं आणि माझं तोंड सुरू झालं. गुरुद्वाऱ्याचे पांढरे घुमट, त्यावरचे सोन्याचे कळस, पाण्यावरून ऐकू येणारं कीर्तन, घाटावर आंघोळीला उतरलेले पंजाबचे यात्रेकरू. विहीणबाईंनी बसल्या जागी हात जोडले. मला वाटलं, एक बाजू सर झाली.

खरं तर मी याच गावात जन्मले, याच गावात दिली गेले, पण नावेत पाय ठेवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. काखेत कळसा म्हणतात तशातली गत. माझं नांदेड सगळं रिक्षातून पाहिलेलं. पाण्यावरून ते पाठमोरं दिसत होतं आणि मला काही केल्या ओळखू येईना. पण म्हणून मी थांबते की काय! एका दगडी बांधकामाकडे बोट करून मी म्हटलं, "हे फार जुनं जागृत देवस्थान."

लेक म्हणाली, "आई, ते पंपघर आहे."

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मला राग आला आणि मग मीही हसले. त्यानंतर सगळं सोपं झालं. डबे उघडले. धपाटे, दही, मी केलेल्या शेंगापोळ्या. विहीणबाईंनी लेकीला आधी घास भरवला, मग मला भरवला. ओंजळीत नदीचं पाणी घेऊन लेकीच्या डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "लई गोड गाव हाय तुमचं." लेक इथंच राहणार, असं मी तेव्हा मनात नक्की करून टाकलं.

तिथंच परतलो असतो तर बरं झालं असतं. पण मला किल्ला दाखवायचा होता. नावाडी म्हणाला, "मावशी, तिकडं कशाला?" मी म्हटलं, "घ्या हो तुम्ही."

काळ्या दगडाचे बुरूज थेट पाण्यातून वर आलेले, भेगांतून पिंपळ फुटलेले, वर पोपटांचा गलका. आम्ही तिघी माना वर करून बघत राहिलो. नाव बुरजाला वळसा घालून पुढं गेली आणि समोर धूर दिसला. पायऱ्यांवर माणसं उभी होती आणि चिता पेटलेली होती. रस्त्यानं जाताना किल्ला आणि स्मशान यांच्यामध्ये अख्खा बाजार येतो. पाण्यावरून ते शेजारीशेजारी निघतील, हे माझ्या टाळक्यात कसं येणार?

विहीणबाईंनी झटकन आपला पदर लेकीच्या तोंडावर ओढला.

"पोटुशीला मसणवटा दाखवून राहिल्या तुम्ही? वळीव रे, वळीव आधी!"

"इथं खडकं हायेत काठाला," नावाडी म्हणाला. "वळवायची तर मधी घ्यावी लागंल."

"मधी न्हाई."

"मंग सरळ जाऊ?"

"सरळ बी न्हाई!"

नाव जागच्या जागी डुलत राहिली. पुढं स्मशान, बाजूला ओलांडायची नाही अशी गंगा, आणि दोन्हींच्या मध्ये माझी अक्कल. लेक गेली हातची, एवढंच मला कळत होतं. अपशकुनाच्या गावात कोण आपली सून बाळंतपणाला ठेवील?

विहीणबाईंनी पल्याडच्या काठाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "निम्म्यातून वळलं तर ते ओलांडणं होत न्हाई. घे मधी."

नाव मधोमध आली. मग पदराखालून लेकीचा आवाज आला.

"आत्या, आई, मी बोलू का?" सासूला ती आत्या म्हणते. "मला लातूरलाच राहायचंय. त्या डॉक्टरीणबाईंची मला सवय झालीये. हे जवळ पाहिजेत. मला लई भीती वाटून राहिली."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस आम्ही दोघींनी एकमेकींना शेकडो गोष्टी ऐकवल्या होत्या. जिचं पोट, तिला विचारायचं दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती पुढं म्हणाली, "पण आई मला तिथं पाहिजे." आणि ती रडायला लागली.

मला जायचं होतं. त्याच क्षणी, नावेतूनच उठून जायचं होतं. पण लेकीच्या घरी आईनं महिना-महिना मुक्काम ठोकायचा? माझी आई तर मला मूल होईपर्यंत माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही. दारात उभं राहून खुशाली विचारायची आणि जायची. मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, "रीत नाही गं आपल्यात. लोक काय म्हणतील? लेकीच्या घरी कशी राहू?"

विहीणबाई माझ्याकडं रोखून बघत होत्या. भाव मनात धरून आलेल्या गिऱ्हाइकाकडं त्या अशाच बघत असतील.

"लेकीचं घर कुठंय तिथं?" त्या म्हणाल्या. "घर माझं हाय. तुम्ही लेकीच्या घरी येऊ नका, माझ्या घरी या. मी बोलावून राहिले ना!"

मी 'हाव' म्हटलं आणि मग मलाही रडू आवरेना. लेकीनं तोंडावरचा पदर बाजूला केला. धूर मागं पडला होता आणि सगळं गाव एका ओळीत समोर होतं, घुमट, पायऱ्या, बुरूज, अगदी ते पंपघरसुद्धा. मला इतकं बरं वाटत होतं की यातलं काहीच कुणाला समजावून सांगावंसं वाटलं नाही.

पुढं लातूरला नात झाली. तिला पायांवर घेऊन पहिल्यांदा मी न्हाऊ घातलं आणि विहीणबाईंनी वरून पाणी ओतलं. ते पाणी जरा जास्तच गरम होतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे.